कावेरीतील महासीर

प्रस्तावना

गळ टाकून मासे धरणे हा माणसाचा फार जुना उद्योग आहे. पोटासाठी गळ टाकणारे लोक नदीकाठच्या गावोगावी आढळतात. मात्र मासा धरून, त्याचे वजन करून, त्याची नोंद वहीत लिहून पुन्हा त्याला जिवंत पाण्यात सोडून देणारेही काही लोक असतात. त्यांचा हा केवळ छंद असतो. बेंगळुरूजवळील कावेरी नदीत अनेक वर्षे चाललेल्या अशा छंदातून एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. जगातील मोठ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक असलेला मासा लोकांच्या डोळ्यांसमोर नाहीसा होत होता, आणि त्याला शास्त्रीय नावसुद्धा मिळालेले नव्हते. या गोष्टीचा एक धागा थेट महाराष्ट्रातील लोणावळ्यापर्यंत पोहोचतो. प्रस्तुत पाठात या माशाची ओळख करून घ्यावयाची आहे.

नळाचे पाणी आणि नदी

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. शहरालगत एकही मोठी नदी नाही. पूर्वी तलाव आणि विहिरी यांवर शहराची तहान भागत असे. लोकवस्ती वाढली तसे पाणी अपुरे पडू लागले. अखेर १९७४ साली सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी पंपांच्या साहाय्याने वर चढवून शहरात आणण्यात आले. आज शहरातील लाखो घरांत नळ सोडला की कावेरीच येते.

ही कावेरी कोडगूमधील तलकावेरी येथे उगम पावते. शिवनसमुद्र येथे ती उंच कड्यावरून खाली कोसळते. तेथून पुढे मेकेदाटूच्या अरुंद खिंडीपर्यंत ती डोंगर आणि जंगल यांमधून वाट काढते. या भागात भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमाकळी ही ठिकाणे आहेत. नदीत मोठमोठे खडक, त्यांमधून धावणारे फेसाळ पाणी आणि मध्येच खोल, संथ डोह आढळतात. काठावर अर्जुनाची झाडे आणि पाण्याच्या कडेला मगरी, पाणमांजरे असे येथील दृश्य असते. १९८७ साली या जंगलाचा बराचसा भाग कावेरी वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पावसाने नदी गढूळ होऊन दुथडी भरून वाहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसाच्या सरी येतात. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की पूर ओसरतो, गाळ खाली बसतो आणि पाणी हळूहळू नितळ होऊ लागते. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचे लक्ष वर्षभर याच दिवसांकडे लागलेले असे.

खोटी माशी आणि थंड पाण्यातील मासा

हौशी मासेमारीच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी खोट्या माशीची पद्धत सर्वांत नाजूक मानली जाते. हिचा उगम युरोपातील थंड पाण्याच्या ओढ्यांवर झाला. तेथील ट्राउट नावाचा मासा पाण्यावर उतरणारे किडे खातो. म्हणून गळाच्या बारीक आकड्यावर कोंबड्याच्या मानेची पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून हुबेहूब किड्यासारखी आकृती तयार करतात. ही खोटी माशी वजनाने इतकी हलकी असते की ती दूर फेकता येत नाही. त्यासाठी युक्ती करावी लागते. साध्या गळाला शिशाचा तुकडा बांधतात आणि त्याच्या वजनाने दोरी दूर जाते. खोट्या माशीच्या पद्धतीत दोरीच जाड आणि वजनदार असते. लवचिक काठी डोक्यावरून मागेपुढे हलवली की दोरी हवेत वेटोळे घेत उलगडते आणि शेवटी टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. जोर कमी आणि लय अधिक, असे हे कसब आहे.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हा छंद भारतात आणला आणि त्यासोबत ट्राउटही आणला. १९०० साली काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउटची अंडी यशस्वीपणे पोहोचली. दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावर अनेक अपयशी प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंद्रधनुषी ट्राउट रुजला. परंतु या माशाला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या बरेच वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो. त्यामुळे निलगिरीखालच्या सखल नद्यांत तो जगू शकला नाही. बेंगळुरूच्या हौशी मासेमारांना ट्राउट जवळ नव्हता. कावेरीच्या डोहांत मात्र त्याच्याहून कितीतरी मोठा आणि बलवान असा दुसरा मासा होता. तो म्हणजे महासीर.

महासीरची ओळख

महासीर हा रोहू, कटला यांच्याच कुळातील मासा आहे. भारतात त्याच्या अनेक जाती आढळतात. हिमालयातील नद्यांत सोनेरी महासीर राहतो, तर दख्खनच्या नद्यांत निळसर परांचा महासीर राहतो. सर्वांची खवले मोठी आणि चकचकीत असतात. ओठ जाड असून जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. खेकडे, शिंपले, नदीत पडलेली फळे, किडे, लहान मासे असे सर्व काही तो या घशातील दातांनी चिरडून खातो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यातील वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. त्यामुळे जेथे धरण आडवे येते किंवा वाळू उपसली जाते, तेथे त्याचे प्रजनन अडते.

भारतीय समाजाने काही ठिकाणी या माशाला देवाचा मासा मानून अभय दिले आहे. कर्नाटकात शृंगेरीच्या घाटावर तुंगा नदीत माशांचे थवे निर्धास्त फिरताना दिसतात. महाराष्ट्रातही रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचा डोह आहे. तेथील महासीर कोणी धरत नाही, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत आढळणारा महासीर या सर्वांहून निराळा होता. त्याच्या डोक्यामागे पाठीवर ठळक उंचवटा असे, म्हणून त्याला कुबडाचा महासीर म्हणत. त्याचे पर केशरी रंगाचे असत. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले आणि महासीरची कीर्ती जगभर पोहोचवली. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांनी कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा महासीर धरला. एका प्रौढ माणसाच्या वजनाचा मासा बारीक दोरीने काठावर आणणे हे केवढे कष्टाचे काम असेल, याची कल्पना करता येते.

कावेरीच्या खडकाळ पाण्यात खोटी माशी क्वचितच कामी येत असे. तेथे आमिष म्हणून स्थानिक लोकांचे रोजचे अन्नच वापरले जाई. नाचणीचे पीठ शिजवून त्याचा घट्ट गोळा करायचा आणि तो गळाला लावायचा, ही तेथील रीत होती. कोठे डोह आहे, कोठे खडकाखाली मासा दबा धरून बसतो, हे ज्ञान नदीकाठच्या गावकऱ्यांचे होते. त्यांच्यावाचून शहरातील हौशी माणसाला नदी वाचता येत नसे.

सोडून दिलेल्या माशांच्या नोंदी

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कावेरीतील मोठे महासीर संपले, असा अनेकांचा समज झाला होता. सुरुंगाची दारू पाण्यात फोडून मासे मारण्याचा प्रकार वाढला होता. अशा स्फोटात लहानमोठे सर्व जीव एकाच वेळी मरतात. १९७२ साली बेंगळुरूमध्ये ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. नदीचा काही भाग राखून तेथे पहारा ठेवण्याचे काम तिने हाती घेतले. १९७७-७८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण मासेमारांच्या एका पथकाने कावेरीत प्रचंड महासीर धरून दाखवले. त्यानंतर जगभरातील हौशी लोक येथे येऊ लागले आणि नदीकाठी त्यांच्यासाठी तळ उभे राहिले.

या तळांवर एक कडक नियम होता. धरलेला मासा मारायचा नाही. त्याचे वजन करायचे आणि त्याला सोडून द्यायचे. गळाला लागलेला मोठा मासा दमलेला असतो. त्याला लगेच पाण्यात लोटले तर तो उलटा होऊन मरू शकतो. म्हणून त्याला दोन्ही हातांनी प्रवाहाच्या उलट दिशेने तोंड करून धरावे लागते. कल्ल्यांतून पाणी वाहू लागले की त्याला प्राणवायू मिळतो आणि काही वेळाने तो स्वतःच शेपटीचा झटका देऊन निघून जातो.

पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही गावकऱ्यांना या तळांवर वाटाड्याचे आणि पहारेकऱ्याचे काम मिळाले. मेलेला मासा एकदाच विकता येतो, परंतु जिवंत मासा दरवर्षी पाहुणे आणतो, हे त्यांच्या अनुभवास आले. ज्यांच्यापासून नदीला भय होते, तेच तिचे राखणदार झाले.

तळांवर आणखी एक काम नित्यनेमाने होत असे. कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचे वजन किती भरले, हे सर्व वहीत लिहिले जाई. लिहिणाऱ्यांच्या मनात कोणतेही संशोधन नव्हते. पुढे शास्त्रज्ञांनी गालीबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या. त्यांत २३,००० हून अधिक तासांची मासेमारी आणि ६,००० हून अधिक महासीर नोंदलेले होते. एवढी दीर्घ माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती.

या वह्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आनंदाची होती. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. दुसरी गोष्ट काळजी वाढवणारी होती. माशांचे सरासरी वजन घटत होते. अधिक बारकाईने पाहता असे दिसले की वाढलेले मासे कुबडाच्या महासीरचे नव्हतेच. ते निळसर परांच्या महासीरचे होते. कुबडाचा महासीर उत्तरोत्तर दुर्मिळ होत चालला होता आणि त्याची पिल्ले तर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. एकूण आकडा वाढत असल्यामुळे हा ऱ्हास वर्षानुवर्षे झाकला गेला होता.

लोणावळ्याचे मत्स्यबीज

निळसर परांचा महासीर कावेरीत कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात सापडते.

कर्नल विल्यम हेन्री सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनमधील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील महासीरची जात त्याने प्रथम शास्त्रीय पद्धतीने नोंदवली. मराठी मुलखात ऐकलेले नावच त्याने त्या जातीला दिले. तिचे आजचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणे, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारी यांमुळे हा मासाही कमी होऊ लागला. त्या वेळी मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळा परिसरातील तलावांत त्याच्या प्रजननाचा अभ्यास केला. पावसाळ्यात तलावाच्या मुखाशी येणारे पक्व नर आणि माद्या पकडून, मादीची अंडी हलक्या हाताने दाबून काढायची आणि नराच्या वीर्याशी त्यांचा संयोग घडवून आणायचा, ही कृत्रिम प्रजननाची रीत तेथे यशस्वी झाली. अशी अंडी वाहत्या, स्वच्छ पाण्यात ठेवली की तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या वळवण तलावाजवळ टाटा वीज कंपनीने मत्स्यबीज केंद्र उभारले आणि १९७० च्या दशकापासून तेथे लाखोंच्या संख्येने बोटुकली तयार होऊ लागली.

महासीर वाचवावा या सद्हेतूने ही बोटुकली देशातील अनेक नद्यांत आणि तलावांत सोडण्यात आली. कावेरीतही ती पोहोचली. पुढे कर्नाटकातील केंद्रांतही या जातीची पैदास झाली. महासीर तो महासीर, असा त्या काळचा समज होता. दोन जातींमध्ये काय भेद आहे, एक जात दुसरीच्या घरात शिरली तर काय होईल, याचा विचार करण्याइतके ज्ञान तेव्हा उपलब्ध नव्हते.

निळसर परांचा महासीर कावेरीत झपाट्याने वाढला. अन्न आणि प्रजननाच्या जागा यांसाठी त्याची मूळ रहिवाशाशी स्पर्धा सुरू झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग आणि आटलेला प्रवाह यांनी कुबडाचा महासीर आधीच दुबळा झाला होता. त्यात या नव्या संकटाची भर पडली.

नाव सापडले

एखाद्या जीवाला कायद्याचे संरक्षण द्यायचे तर आधी त्याचे नाव निश्चित असावे लागते. कुबडाच्या महासीरच्या बाबतीत हीच मोठी अडचण होती. जगभर त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होती, परंतु शास्त्राच्या दृष्टीने तो कोण, हे ठरलेले नव्हते. सायक्सने दख्खनमधून वर्णन केलेल्या ‘मुसल्ला’ या माशाचे नाव अनेक वर्षे त्याला चिकटवले जात होते. मुसल्ला हा महासीर नसून वेगळ्याच प्रजातीचा मासा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे कावेरीचा महासीर पुन्हा निनावी झाला.

ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाचा शोध घेतला. कावेरीच्या मोयार या उपनदीत तो अजून जिवंत सापडला. त्याची शरीररचना आणि आनुवंशिक घटक तपासल्यावर असे दिसले की केरळातील पांबार नदीतून पूर्वीच वर्णन केली गेलेली जात हीच आहे. पांबारचे पाणीही शेवटी कावेरीलाच मिळते. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ त्या जातीला ‘टॉर रेमादेवी’ हे नाव दिलेले होते. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. याउलट, पूर्वी संकटग्रस्त मानला गेलेला निळसर परांचा महासीर आता ‘किमान चिंता’ या वर्गात आला आहे. एकाच काळात एक जात सावरली आणि दुसरी विनाशाच्या उंबरठ्यावर पोहोचली.

बंदी आणि तिचे परिणाम

दरम्यान कावेरीच्या काठावर आणखी एक बदल झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिकारीस मनाई आहे. मासा धरून सोडून देणे हीसुद्धा शिकारच होय, असा अर्थ लावला गेला आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्यातील हौशी मासेमारी थांबली.

या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखे आहे. गळ टोचल्याने माशाला इजा होते. काही मासे सोडल्यानंतर मरतात. अभयारण्यातील जीवांना माणसाच्या करमणुकीसाठी त्रास का द्यावा, हा प्रश्न योग्यच आहे. दुसरीकडे, तळ बंद झाल्यावर गावकऱ्यांचे वाटाड्याचे उत्पन्न गेले, नदीवरील रोजचा पहारा कमी झाला आणि नोंदींची वही बंद झाली. सुरुंग लावणारा माणूस कायद्याचे पुस्तक पाहून थांबत नाही. नदीवर कोणाची तरी नजर असावी लागते.

समारोप

कुबडाच्या महासीरच्या या कथेत दुष्ट हेतूने केलेली कृत्ये आहेत, तशीच चांगल्या हेतूने केलेलीही आहेत. सुरुंग लावणाऱ्यांनी नदीचे नुकसान केले, हे उघड आहे. परंतु ज्यांनी ओंजळीने बोटुकली नदीत सोडली, त्यांचे मन स्वच्छ होते. उणीव होती ती ओळखीची. जो जीव वाचवायचा आहे, तो कोण आहे, कोठे राहतो, कशावर जगतो आणि त्याचे शेजारी कोण, हे जाणून घेतल्याशिवाय केलेली मदत दुसऱ्या जीवाला बाधू शकते. म्हणूनच आज तज्ज्ञांचे मत असे आहे की कोणत्याही नदीत बाहेरची जात सोडू नये आणि पैदास करायचीच तर ती त्याच नदीतील मूळ जातीची करावी.

मोयारच्या खोऱ्यात कुबडाचा महासीर अजून आहे. मार्गशीर्षात पाणी नितळ झाले की तो केशरी परांचा मासा खडकाच्या सावलीतून बाहेर येत असेल. तेथील पाणी वाहते राहिले आणि त्यात परकी बोटुकली पडली नाही, तर तो उद्याही तेथे असेल.

शब्दार्थ

दुथडी – दोन्ही काठ भरून
ऱ्हास – घट, नाश होत जाणे
अभय – भीतीपासून मुक्तता, संरक्षण
बोटुकली – बोटाएवढी वाढलेली माशाची पिल्ले
आनुवंशिक – आईवडिलांकडून पिल्लांकडे येणारे
सद्हेतू – चांगला उद्देश

स्वाध्याय

१. खोट्या माशीच्या पद्धतीत दोरी वजनदार का ठेवतात?
२. ट्राउट मासा कावेरीच्या सखल भागात का जगू शकत नाही?
३. गालीबोरे येथील नोंदवह्यांतून कोणत्या दोन गोष्टी समजल्या? एकूण संख्या वाढत असतानाही शास्त्रज्ञांना काळजी का वाटली?
४. ‘ज्यांच्यापासून नदीला भय होते, तेच तिचे राखणदार झाले’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. अभयारण्यातील हौशी मासेमारीवरील बंदीविषयी तुमचे मत कारणांसह आठ ते दहा ओळींत लिहा.
६. तुमच्या परिसरातील नदी, ओढा किंवा तलाव येथे कोणते मासे आढळतात? वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्यांची स्थानिक नावे लिहून काढा. पूर्वी आढळणारे, परंतु आता न दिसणारे मासे कोणते, याचीही नोंद करा.